कारणाच्या रकान्यातलं नाव

टाकळकर साहेब गेल्याचा काकूंचा फोन आला तेव्हा मी कंपनीत सकाळच्या मीटिंगला उभी होते. आमच्याकडे ही मीटिंग उभ्यानेच होते, बसलं की माणसं लांबण लावतात म्हणून. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी. एरवी त्यांचा फोन 'जेवलीस का' इथून सुरू होतो. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "मंगल, हे गेले गं. पहाटं छातीत दुखाय लागलं, दवाखान्यात नेस्तवर..." मग म्हणाल्या, "तू ये. पण गाडी सावकाश चालव." नवरा गेलेली बाई मला गाडी सावकाश चालवायला सांगत होती. मी सुट्टी टाकली आणि राजगुरुनगरची, म्हणजे त्यांच्या खेडची, वाट धरली. चाकणच्या चौकात नेहमीसारखीच कोंडी होती, पुढे कांद्याचा ट्रक, मागे कंपनीची बस, आणि मध्ये मी हेल्मेटच्या आत रडत होते. हेल्मेटचा हा एक फायदा कुणी सांगत नाही.

आता खरं ते लिहिते. या माणसाचं वाटोळं व्हावं, असं मी एके काळी मनापासून म्हटलं होतं. एकदा नाही, वर्षभर रोज म्हटलं होतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपली रीत आहे आणि ती मला माहीत आहे. पण साहेबांबद्दल नुसतं चांगलंचुंगलं लिहिलं तर ते वरून परत पाठवतील, 'अर्धवट तपासणी' असा शेरा मारून. तेव्हा सगळंच सांगते.

माझे वडील उदगीरकडून पिंपरीला कारखान्यात कामाला आले. पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत आम्ही भावंडं वाढलो. आयटीआय झाल्यावर मी एका ठेकेदारामार्फत चाकणच्या कंपनीत इन्स्पेक्टर म्हणून लागले. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना पोलीस आठवतो. आमचं काम फार साधं होतं. लाइनवरून आलेला गाडीचा पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, बरा असला तर पुढे सोडायचा आणि नसला तर लाल डब्यात टाकायचा. दिवसभर उभ्याने, पायांचे खांब होईपर्यंत. साहेब त्या वेळी आमच्या क्वालिटीचे प्रमुख होते. पांढरा शर्ट, बाह्यांना इस्त्रीची कडक घडी, चालणं असं की बुटांचा आवाज आधी यायचा आणि माणूस मागून. ते लाइनवर आले की हसणारे गप्प व्हायचे आणि गप्प असणारे उगाचच काहीतरी पुसायला लागायचे. ते खेड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरातून, स्वतःच्या हिमतीवर शिकून वर आले होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. कारण लाइनवर ते निम्मं इंग्रजीच बोलत, आणि रागावले की जरा जास्तच. मला ते 'ए उदगीर' म्हणायचे. सुनंदाला, माझ्या शेजारी उभी राहायची तिला, 'बीड'. सगळ्या मराठवाड्याचा नकाशा त्यांच्या तोंडात होता, नाव मात्र एकाही मुलीचं नव्हतं.

त्यांच्या खिशात एक गेज असायचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गेज म्हणजे वीतभराची पोलादी दांडी. तिचं एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. पार्टच्या भोकात गो टोक गेलं पाहिजे आणि नो-गो जाता कामा नये, एवढंच त्याचं शास्त्र. असे गेज कंपनीत पुष्कळ होते. ते वापरून झिजतात, म्हणून ठरलेल्या तारखेला तपासणीला जात आणि परत येताना अंगावर नव्या तारखेची चिठ्ठी लावून येत. साहेबांच्या गेजवर मात्र चिठ्ठी नव्हती. तो त्यांच्या पहिल्या नोकरीपासून त्यांच्याजवळ होता, मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला. रोज सकाळी लाइन सुरू व्हायच्या आधी पहिला पार्ट त्यांच्या हातात जायचा. ते खिशातून गेज काढणार, भोकात घालणार, डोळे मिटून दोन बोटांनी फिरवणार आणि म्हणणार, "चालू करा." मग दिवसभर तोच पार्ट प्रमाण. आमचा गेज त्यात अडला तर तो गेज बाजूला ठेवायचा, पार्ट नाही. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची तेव्हा पाटावर सगळ्यांत आधी तो गेज ठेवला जाई, त्याला हळदकुंकू लागे आणि मग बाकीच्या मशिनी. एकदा कुणीतरी भीत भीत विचारलं, "साहेब, हा तपासणीला द्यायचा का?" साहेब म्हणाले, "याला तपासणी लागत नाही. मी हात लावला की ती झालीच." आम्हाला त्या वेळी हे वाक्य भारी वाटलं होतं. मी घरी जाऊन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कौतुकाने सांगितलं होतं. आबा तीस वर्षं मशीनवर काढलेले. ते म्हणाले, "लोखंड कुणाचं ऐकत नसतंय, बाय."

लोखंडाने ऐकलं नाहीच. त्या पावसाळ्यात मला जाणवायला लागलं की साहेबांचा गेज जुन्या, बरोबर मापाच्या पार्टमध्ये घातला की डुलतो. त्याचं गो टोक झिजून बारीक झालं होतं. बारीक झालेलं टोक लहान भोकातही सुखाने जाणार, आणि आपण म्हणणार, भोक बरोबर आहे. एक दिवस सकाळी, ते डोळे मिटून गेज फिरवत असताना, माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तुमचा गेज डुलतोय." सगळी लाइन थांबली. साहेबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "गेज डुलतोय की तुझा हात डुलतोय, उदगीर?" सगळे हसले. मीही हसले, हे मला आजही लागतं. आमचा सुपरवायझर नंतर बाजूला घेऊन म्हणाला, "मंगल, रजिस्टरमध्ये काही लिहू नको हां. तुझं काँट्रॅक्ट पुढल्या महिन्यात संपतंय." मी लिहिलं नाही. एक ओळ लिहायची होती आणि मी लिहिली नाही. साहेबांची चूक सांगताना ही माझी चूक झाकून ठेवली तर मी कसली इन्स्पेक्टर...

पुढे व्हायचं ते झालं. आमचे पार्ट ज्या कंपनीत जायचे तिथे त्यांच्या भोकांत शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, जाईना. तिकडची लाइन थांबली. आमची माणसं बसमध्ये घालून तिकडे पाठवली, एकेक पार्ट हाताने मोजायला. अशा वेळी गिऱ्हाइकाला एक रिपोर्ट द्यावा लागतो. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, असे रकाने असतात. सगळ्यांचा जीव 'का झालं' या रकान्यात असतो. तिथे लिहिलं गेलं, 'तपासणी करणाऱ्या इन्स्पेक्टरने गेज नीट वापरला नाही. मंगल कांबळे.' खाली साहेबांची सही. त्याची मोठी प्रत माझ्या ओळखपत्रावरच्या फोटोसकट लाइनच्या बोर्डावर लागली, बाकीच्यांनी धडा घ्यावा म्हणून. मला ठेकेदाराने दुपारच्या जेवणानंतर सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. मी बसने घरी आले. आबांनी टीव्हीचा आवाज तेवढा कमी केला.

नोकरी गेली याचं एवढं नव्हतं, नोकऱ्या जातात. नाव गेलं होतं. चाकणमध्ये कंपन्या ढिगाने असल्या तरी ठेकेदार मोजकेच, आणि त्यांचे सुपरवायझर एकाच टपरीवर चहा पितात. जिथे जाईन तिथे कुणीतरी कपाळाला आठ्या घालून विचारायचं, "ती गेजवाली तुम्हीच का?" तीन ठिकाणी असं झाल्यावर मी जाणं सोडलं आणि पिंपळे गुरवच्या एका औषधाच्या दुकानात उभी राहिले. तिथेही दिवसभर उभंच राहायचं होतं, फक्त मोजायला गोळ्या होत्या. साहेबांना मी रोज शिव्या घालायचे. पण त्या शिव्यांच्या तळाशी एक समजूत होती. मला वाटायचं, या माणसाला स्वतःच्या हातावर इतका विश्वास आहे की खरोखरच चूक माझी आहे असं तो समजतो. घमेंडखोर आहे, खोटारडा नाही. तेवढ्यावर मी त्यांना थोडं कमी शापायचे.

दीडेक वर्षाने सुनंदाचा फोन आला. आनंदाने तिला धड बोलता येईना. "मंगे, गेज पकडला गेला!" झालं होतं असं, की तीच तक्रार पुन्हा आली आणि गिऱ्हाइकाकडून तपासायला एक तरुण मुलगी आली. साहेबांनी तिच्यासमोर नेहमीच्या थाटात खिशातून गेज काढला, डोळे मिटून फिरवला. तिने शांतपणे विचारलं, "सर, याची तपासणीची तारीख?" साहेब हसले. ती हसली नाही. तिने तो गेज तिथल्या तिथे मोजमापाच्या खोलीत नेऊन मोजायला लावला, काचेबाहेर अर्धी कंपनी उभी. गो टोक झिजलेलं निघालं. साहेबांनी ते पिवळं फडकं घडी करून खिशात ठेवलं, गेज टेबलावर तसाच राहू दिला आणि बाहेर आले. महिन्याभरात त्यांच्याकडून राजीनामा घेतला. जे लोक त्यांना पाहून मशीन पुसायचे ते त्यांची चालण्याची नक्कल करायला लागले. मी काय केलं विचाराल तर पाव किलो जिलबी आणली आणि घरात वाटली. आबांनी घेतली नाही. म्हणाले, "पडल्याल्या माणसाची जिलबी ग्वाड लागत नसती." मी त्यांच्या वाटची पण खाल्ली.

साहेब पुण्यातला फ्लॅट मुलाकडे सोडून काकूंबरोबर खेडच्या जुन्या घरी राहायला गेले. काकू सांगतात, सहा महिने ते उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. दाढी वाढली, पेपर उघडायचे नाहीत. आणि मग एका दुपारी त्यांनी दाढी केली, मोटारसायकल काढली, आणि विचारत विचारत आमच्या दारात आले. मी दुकानातून जेवायला घरी आले होते. दार आबांनी उघडलं. बाहेर साहेब हेल्मेट हातात धरून उभे, शर्ट पांढराच, पण इस्त्री नसलेला. मी आतून ओरडले, "आबा, दार लावा." आबा म्हणाले, "माणूस दारात आलाय, आधी पाणी दी. भांडण मागून कर." मी तांब्या आणून त्यांच्यासमोर जवळजवळ आदळला.

साहेब खुर्चीच्या कडेवर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मंगल, चूक माझी होती. गेज झिजला होता." माझं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हटलं, "ते आता अख्ख्या चाकणला माहीत आहे. त्या पोरीने मोजला तेव्हा कळलं ना तुम्हाला?" तेव्हा त्यांचं सगळं इंग्रजी गळून पडलं, गावाकडची बोली वर आली. "न्हाई," ते म्हणाले. "आधीच कळलं व्हतं. रिपोर्टवर सही करायच्या आदल्या संध्याकाळी मी एकटाच मापाच्या खोलीत जाऊन गेज मोजला. मला माहीत व्हतं. तरी तुजं नाव लिवलं, आन् गेज बदलला तर कळंल म्हनून तोच खिशात ठिवला."

माझी ती तळाशी ठेवलेली समजूत त्या क्षणी गेली. मला वाटतं मी ओरडले नाही. मी विचारलं, "हे माझ्या घरात येऊन सांगून काय उपयोग? इथे मला सगळे ओळखतात. जिथे माझं नाव लावलं तिथे जाऊन सांगा." ते म्हणाले, "तिथं मला गेटातून आत कोण घेनार न्हाई." मी म्हटलं, "मग बाहेर उभे राहा." आणि हात धुऊन पुन्हा दुकानात निघून गेले. मला वाटलं, झालं, आता हा माणूस काही पुन्हा दिसत नाही.

ते आधी रीतसर गेले. पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून, गळ्यात पाहुण्याची पट्टी अडकवून, ज्या गेटवर रखवालदार त्यांना सलाम ठोकायचे तिथल्या बाकावर दर सोमवारी बसले. रिपोर्ट बदला, कारण मी खोटं लिहिलं होतं, एवढीच त्यांची मागणी. वरच्या साहेबांनी चौथ्या सोमवारी पाच मिनिटं दिली आणि समजावलं, की बंद झालेला रिपोर्ट उघडायचा म्हणजे गिऱ्हाइकाला आपणच सांगायचं, आम्ही खोटं बोललो. ते होणार नाही. पाचव्या सोमवारी बाक पण मिळाला नाही. मग साहेबांनी मी सांगितलेलं केलं. दुपारची शिफ्ट बदलते तेव्हा कंपनीच्या बस गेटसमोर थांबतात, तिथे ते उभे राहिले आणि उतरणाऱ्या माणसांना सांगायला लागले. सुनंदा सांगायची, पहिले दोन दिवस ते अशा साहेबी भाषेत बोलले की कुणाला काही कळेना, लोकांना वाटलं विमा विकतायत. तिसऱ्या दिवशी ते सरळ बोलले. "मी दत्तात्रय टाकळकर. या कंपनीत क्वालिटीचा हेड व्हतो. मंगल कांबळेच्या नावावर जी चूक लावली ती माजी व्हती. तिनं मला सांगितलं व्हतं, गेज डुलतोय. मी ऐकलं न्हाई. वर तिचंच नाव लिवलं." एवढं बोलायचे, पुढच्या बसकडे जायचे, पुन्हा पहिल्यापासून. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "राव, साहेबांचा स्क्रू ढिला झाला." रखवालदार हात जोडून म्हणाला, "साहेब, बाजूला व्हा की, आमच्या नोकरीवर येईल." साहेब त्याला सॉरी म्हणाले आणि रस्ता ओलांडून टपरीपाशी उभे राहिले. त्याच टपरीपाशी, जिथे ठेकेदारांचे सुपरवायझर चहा पितात. आठवडाभर हे चाललं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत माझ्याकडेही आला. मी तो दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन पाहिला. बघताना मला जिंकल्यासारखं वाटेल अशी माझी फार अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही. वाटलं, अहो, ऊन लागतंय, टोपी तरी घाला.

बोर्डावरचा माझा फोटो त्या आठवड्यात गुपचूप निघाला. रिपोर्ट मात्र तसाच राहिला. दोनेक महिन्यांनी मला एका दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं. तिथल्या मॅनेजरने मुलाखतीत सांगितलं, "तुमच्याबद्दल विचारायला टाकळकरांना फोन केला होता. ते म्हणाले, तिचं ऐकत जा. मी ऐकलं न्हाई म्हणून घरी बसलोय." मी तिथे लागले, पुढे शिकले, डिप्लोमा केला. आज मी जिथे आहे ती कंपनी पार्ट बनवणाऱ्या पुष्कळ कारखान्यांकडून माल घेते आणि ते कारखाने तपासायला मी जाते. चारचाकीतून नाही, हेल्मेट घालून दुचाकीवर जाते, पण जाते.

साहेबांची आणि माझी मैत्री झाली असं म्हणणं जरा जास्त होईल. मी त्यांना माफ केलं का, असं काकूंनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, तपासणी चालू आहे. पण मी जायला लागले. खेडच्या घरात पुढच्या खोलीत त्यांनी रविवार सकाळचा मोजमापाचा वर्ग सुरू केला होता. आसपासच्या गावांतली आयटीआयची मुलंमुली, कंपनीत नव्याने लागलेल्या बायका, जमिनीवर सतरंजी आणि मध्ये एक जुनं टेबल. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी साहेब स्वतःची गोष्ट सांगायचे, माझ्या नावासकट. मी असले तर मला उभं करायचे, मला ते अजिबात आवडायचं नाही. पार्ट मोजताना स्वतःचं माप ते सगळ्यांत शेवटी सांगायचे. आधी वर्गातल्या सगळ्यांत नवख्या मुलीला विचारायचे, "तुजं किती आलं?" तिचं आणि त्यांचं जुळलं नाही तर दोघांनी पुन्हा मोजायचं. तीनदा मी स्वतः पाहिलं, की मुलगी बरोबर निघाली. साहेब इतके खूश झाले की काकूंना आतून पोहे आणायला लावले. काकू म्हणायच्या, "नोकरी व्हती तवा आमटीत मीठ किती ते हे मला सांगायचे. आता मला इचारत्यात."

हातावरचा तो गर्व आला कुठून, हेही त्यांनी एकदा सांगितलं. त्यांचे वडील कांद्याच्या ढिगात हात घालून डोळे मिटून निवड करायचे, मोठा इकडे, बारका गोळा तिकडे, सडका बाहेर. चाकणच्या बाजारात त्यांच्या मालाची पाटी व्यापारी पुन्हा उघडून बघायचे नाहीत. "मला वाटायचं, आपला हात बापाचा हाय," साहेब म्हणाले. "पण कांदा थोडा लहान निघाला तर भाजीत जातो. पार्ट कुठं जाणार?" मी तेव्हाच धीर करून विचारलं, "साहेब, माझंच नाव का लिहिलंत? आडनाव बघून?" लाइनवर आम्ही तिघी इन्स्पेक्टर होतो आणि हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षं होता. ते म्हणाले, "आडनाव न्हाई बघितलं. तू काँट्रॅक्टची, महिन्याभरानं जाणारच व्हतीस. भांडायला कोण येनार न्हाई, एवढंच बघितलं." हे उत्तर माझ्या भीतीपेक्षा बरं होतं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ते खरं होतं, आणि खरं उत्तर देणारी माणसं मला आयुष्यात फार भेटलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी सोडली नाही. दर भेटीत, चहा झाला की विचारायचे, "त्या रिपोर्टचं काय झालं गं, मंगलताई?" होय, 'उदगीर'ची शेवटी 'मंगलताई' झाली होती. मी म्हणायचे, "जाऊ द्या ना साहेब, मला नोकरी लागली, सगळं झालं." ते म्हणायचे, "तुजी नोकरी तुजी हाय. रिपोर्ट माजा हाय." गंमत अशी, की त्या जुन्या कंपनीकडून आम्हीही माल घेतो. तिथली तपासणी दर वर्षी माझ्या वाट्याला येऊ शकत होती आणि मी दर वर्षी ती सहकाऱ्याच्या गळ्यात घालत होते. आमच्या शेवटच्या भेटीत, ते जायच्या पंधरवडाभर आधी, साहेबांनी ते ओळखलं. "तू जात का न्हाईस तिकडं?" मी म्हटलं, "मला त्या गेटातून आत जायचं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मी त्या गेटाभायेर उभा राह्यलो. तू आत जा की."

मी हसून विषय बदलला. पुढच्या रविवारी बोलू, म्हटलं. पुढच्या रविवारी मला पाहुणे होते, त्याच्या पुढच्या रविवारी साहेब नव्हते.

दहावा झाला आणि मी सहकाऱ्याला सांगितलं, यंदा मी जाते. गेटवर रखवालदार नवा होता, त्याने मला ओळखलं नाही. क्वालिटीचा प्रमुखही नवा, तिशीतला, फार अदबीने वागणारा. मी जुन्या तक्रारींची फाइल मागितली. त्याने ती उघडून उत्साहाने दाखवली. म्हणाला, "मॅडम, ही केस आम्ही नव्या मुलींच्या ट्रेनिंगला वापरतो. निष्काळजीपणाने काय होतं ते कळावं म्हणून." तेच पान. तोच ओळखपत्रावरचा फोटो, दोन वेण्या आणि घाबरलेले डोळे. इतकी वर्षं त्या खोलीत नव्या नव्या मुली माझं नाव वाचत होत्या. मी म्हटलं, "ही मी." त्या बिचाऱ्याला कुठे बघावं कळेना. मी त्याला सगळं सांगितलं. गिऱ्हाइकाकडून मागणी आली तर बंद रिपोर्ट उघडावाच लागतो, आणि आता गिऱ्हाईक मीच होते. पंधरा मिनिटांत कागद टेबलावर आला. तो म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव काढतो. कारण नुसतं 'गेज झिजलेला होता' असं टाकू? टाकळकर सर आता नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव चुकीच्या रकान्यात कशाला..."

मलाही तेच वाटत होतं. पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग बाहेर जाऊन काकूंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "लिही. त्यांचंच हाय ते. पण नुसतं टाकळकर लिवू नको. आमच्या भावकीत निम्मं गाव टाकळकर हाय, उगा दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जायचं. पुरं नाव लिही."

मी आत आले. कारणाची जुनी ओळ माझ्या नावासकट खोडली आणि तिच्यापुढे लिहिलं, गेज झिजलेला होता, दत्तात्रय कोंडाजी टाकळकर, क्वालिटी प्रमुख. खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा होती, तिथे मी सही केली.